थंडी पडली की बूस्ट चढतोच : आरएक्स-७ वर मोठा टर्बो बसवल्यानंतरचं दुखणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं, ते लगेच कळेल. गाडी माझदा आरएक्स-७, एफडी३एस, म्हणजे १९९१ ते २००२ या काळात बनलेली शेवटची पिढी. इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं. कंपनीचे दोन छोटे टर्बो काढून त्यांच्या जागी एकच मोठा बसवलेला. वेस्टगेटला, म्हणजे जादा जळका वायू टर्बोला टाळून बाजूने सोडणाऱ्या झडपेला, ०.७ बारची स्प्रिंग. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सगळं गुण्यागोविंदाने चालतं. चौथ्यात पाय पूर्ण दाबून धरला की ५५०० आरपीएमपासून बूस्टचा, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा हळूहळू वर सरकायला लागतो आणि ७००० च्या पुढे १.१ बार दाखवतो. मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन तोडतो आणि गाडी भिंतीवर आपटल्यासारखी थबकते. बूस्ट कंट्रोलर बदलला, नळ्या बदलल्या, चार महिने बरे गेले (कारण उन्हाळा होता), आणि थंडी आली तसे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी ऑकलंडला राहतो. इथली थंडी म्हणजे जुलैतली सकाळ, सात-आठ अंश. नाशिककर हसतील, पण पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा ही हवा सहा टक्क्यांनी जड असते आणि तेवढ्यावर माझं एक इंजिन गेलं. न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या रोटरी गाड्यांचं वेड फार. दक्षिण ऑकलंडमध्ये शनिवारी रात्री कान उघडे ठेवले तर एखादी तरी ऐकू येतेच. त्यामुळे सल्ला देणारेही गल्लोगल्ली. माझी अडचण वेगळी होती. मी पुण्यात बरीच वर्षं डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेंचवर काढली आहेत. टर्बो मला कळतो, असा माझा समज होता. तो समजच महागात पडला.

आधी इंजिन जिवंत आहे का ते बघा

हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅकवर एक दिवस गाडी पळवली आणि परत येताना बॉम्बे हिल्सच्या चढावर तिचा दम गेलाय असं वाटलं. (हो, ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे आहे. ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून आलेल्या वसाहतवाल्यांमुळे पडलेलं नाव. आपला काही संबंध नाही.) घराजवळच्या सिग्नलला थांबलो तर आरसा थरथरत होता. बंद केली, पुन्हा चालू करायला गेलो, तर स्टार्टर नुसताच फिरला.

रोटरीचं कॉम्प्रेशन साध्या गेजने मोजलं तर फसायला होतं. एका रोटरला तीन बाजू, गेज दाखवतो त्या तिघींतली सगळ्यात चांगली. रोटरीचा खास टेस्टर नसेल तर इंधनाचा फ्यूज काढा, एका रोटरचा एक प्लग काढून तिथे साधा गेज लावा, त्याची झडप दाबून धरा, स्टार्टर मारा आणि फक्त कान द्या. निरोगी रोटर ‘फस्-फस्-फस्’ असा एकसारखा बोलतो. माझा पुढचा रोटर ‘फस्... हुं... हुं’ असा बोलला. एक ठोका जोरदार आणि दोन पोकळ असतील तर जवळजवळ नक्की एक अपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकावरची पट्टी, गेलेलं असतं. कारण एक सील दोन शेजारच्या कप्प्यांमध्ये भिंतीसारखं उभं असतं, ते फुटलं की दोन्ही घरं उघडी पडतात. आकडे हवे असतील तर माझदाची किमान मर्यादा २५० आरपीएमला ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि एकाच रोटरच्या तीन कप्प्यांत फरक १.५ पेक्षा जास्त नको.

इंजिन उतरवलं. सील तुटलेलं होतं, दोन मिलिमीटर जाडीची ती ओतीव लोखंडाची पट्टी, कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा गायब. तुकडा एग्झॉस्टमधून गेला आणि जाताना टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोतल्या धुराने फिरणाऱ्या चाकाच्या, पात्यांना चावून गेला. म्हणजे इंजिन आणि टर्बो, दोन्हीची बिलं एकदम.

तुमच्या गाडीत तिन्ही ठोके अजून सारखे येत असतील, तर पुढचं वाचेपर्यंत चौथ्या गिअरला पाय आवरा.

चढ, उसळी आणि फुटकी नळी

जास्त बूस्टच्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. काटा एकदम १.० ला उसळून मग ०.७ ला येऊन बसत असेल, तर ती उसळी. ती बहुधा कंट्रोलरच्या सेटिंगची. कुठल्याही गिअरमध्ये, सुरुवातीपासूनच बूस्टला धरबंद नसेल, तर वेस्टगेटकडे जाणारी नळी फुटली आहे, निघाली आहे किंवा उलट तोंडाला लावली आहे. आणि ०.७ वर येऊन बसल्यानंतर आरपीएमसोबत हळूहळू वर जात असेल, तर तो चढ. इथले लोक त्याला क्रीप म्हणतात. हा लेख फक्त चढाचा आहे.

खात्री करायची तर कंट्रोलर पूर्ण बाजूला काढा. कंप्रेसरच्या, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूच्या, तोंडापासून वेस्टगेटच्या खालच्या तोंडाला सरळ एक नळी जोडा, वरचं तोंड उघडं ठेवा. आता बूस्ट फक्त स्प्रिंगवर चाललाय. तरीही चढत असेल, तर जगातला कुठलाही कंट्रोलर तो उतरवू शकत नाही. कंट्रोलर स्प्रिंगच्या वर नेऊ शकतो, खाली आणू शकत नाही. मी दोन कंट्रोलर विकत घेतले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ही चाचणी डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवणाऱ्या रोलरांवर करा, चौथ्या गिअरमध्ये, पुरेसा भार लावून. रस्त्यावर नको; चौथ्यात ७००० म्हणजे ताशी १९० च्या पुढे.

वेस्टगेट अडकलंय का हे बघायला सायकलचा पंप पुरतो. गेज असलेला पंप घ्या, वेस्टगेटच्या खालच्या तोंडाला जोडा आणि हळूहळू मारा. ०.७ च्या आसपास झडप ‘टक्’ करून उचलायला हवी आणि हवा सोडली की परत बसायला हवी. माझी उचलत होती, बसत होती. गेट निर्दोष होतं, म्हणजे पूर्ण उघडं असूनही त्यातून पुरेसा वायू जात नव्हता. हे कळायला मला एक इंजिन आणि नऊ महिने लागले.

खरा आकडा एग्झॉस्टमध्ये असतो

सगळे बूस्टचा गेज बघतात. टर्बाइनच्या आधी, एग्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये किती दाब साचलाय, हे कोणी बघत नाही. मॅनिफोल्डला एक छोटं भोक पाडून सहा मिलिमीटरची स्टीलची नळी जोडा, मीटरभर लांब. स्प्रिंगसारखे चार-पाच वेढे द्या म्हणजे वायू गार होतो, आणि टोकाला पाच बारपर्यंतचा सेन्सर. एवढंच. माझ्या गाडीचा पहिला लॉग असा होता: ४५०० ला बूस्ट ०.७२, एग्झॉस्टमध्ये ०.९. ६५०० ला बूस्ट ०.९६, एग्झॉस्टमध्ये १.८. ७२०० ला बूस्ट १.१२ आणि एग्झॉस्टमध्ये २.४ बार.

शेवटची जोडी पुन्हा वाचा. इंजिन आत १.१२ बारने ढकललेली हवा घेत होतं आणि बाहेर २.४ बारच्या दारावर धडका मारत होतं.

पिस्टन इंजिनातही हे वाईटच, पण तिथे मध्ये झडपा असतात. १३बी-आरईडब्ल्यूमध्ये, म्हणजे या गाडीच्या इंजिनात, झडपा नाहीत. इनटेकचं तोंड बाजूच्या लोखंडी पाटात, एग्झॉस्टचं तोंड बाहेरच्या परिघावर, आणि रोटर सरकता सरकता ती उघडझाप करतो. काही काळ दोन्ही तोंडं एकाच वेळी उघडी राहतात. बाहेर दाब जास्त असेल, तर जळका वायू ताज्या मिश्रणात शिरतो. मिश्रण गरम होतं, नॉकिंग (मिश्रण आपोआप, अवेळी भडकणं) जवळ येतं, आणि रोटरीला नॉकिंगचा एक जोरदार दणकाही पुरतो. म्हणजे माझं सील फक्त १.१ बारमुळे तुटलं नव्हतं. चांगल्या टर्बोवर १.१ बार हे इंजिन सहन करतं. ते तुटलं अडवलेल्या धुरामुळे.

डिझेलवाल्याची चूक

विक्रेता म्हणाला होता, ‘हा लवकर उठतो, रोटरीलाही हाच बसवतात.’ गॅरेटचा जीटी३५८२आर, टर्बाइनचं हाउसिंग ०.८२ ए/आर. मी मान डोलावली, कारण माझ्या डिझेलच्या हिशेबात छोटं हाउसिंग म्हणजे चांगला पिकअप.

ए/आर म्हणजे काय, तर गोगलगायीच्या आकाराच्या त्या हाउसिंगमध्ये वायूच्या वाटेचा छेद भागिले त्या छेदाच्या मध्यापासून चाकाच्या केंद्रापर्यंतचं अंतर. आकडा लहान तर वाट चिंचोळी. वायू वेगाने पात्यांवर पडतो, टर्बो लवकर फिरतो, पण वरच्या आरपीएमला घसा आवळला जातो. डिझेलचा वायू तुलनेने थंड, आरपीएमही कमी. तिथे हे खपतं. रोटरीचा वायू ९०० अंशांच्या वर सहज जातो, त्याचा आकारमानाने पसाराच जास्त.

आणि त्यात ते ‘१.३ लिटर’ फसवतं. स्विफ्ट डिझेलचं १२४८ सीसीचं इंजिनही १.३ लिटरच, आणि त्याचा टर्बो मुठीएवढा. रोटरीचं १.३ हे वेगळं १.३ आहे. एका कप्प्याचे ६५४ सीसी, रोटर दोन, आणि एक्सेंट्रिक शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन्ही रोटर एकेक कप्पा भरतात. म्हणजे फेऱ्याला १३०८ सीसी. फोर-स्ट्रोक पिस्टन इंजिन एवढी हवा फेऱ्याला घ्यायची तर ते २.६ लिटरचं लागेल. टर्बो निवडताना डोळ्यांसमोर २.६ लिटरचं, ७५०० पर्यंत पळणारं, तापट इंजिन ठेवा. बॉनेटखालचा तो बिर्याणीच्या डब्याएवढा ठोकळा बघून निर्णय घेऊ नका.

आता हिशेब करू. १.३०८ लिटर गुणिले ७५०० म्हणजे मिनिटाला सुमारे ९.८ घनमीटर. बूस्ट नसताना ही हवा साधारण ११.७ किलो. १ बार बूस्ट दिला, इंटरकूलरनंतर हवा पन्नास अंशांवर आली, भरण्याची कार्यक्षमता ९५ टक्के धरली, की मिनिटाला २०.५ किलोच्या आसपास, म्हणजे ४५ पाउंड. (कंप्रेसरचे नकाशे पाउंडातच छापतात, म्हणून हे रूपांतर.) रोटरी एका पाउंडामागे नऊएक हॉर्सपॉवर देते. चारशे झाले. कंपनीतून ही गाडी जपानमध्ये सुरुवातीला २५५ ची निघायची आणि १९९९ नंतर २८० ची, हे लक्षात घेतलं तर रस्त्यावर चारशे म्हणजे अति.

४५ पाउंडांसाठी माझा कंप्रेसर कमी पडत नव्हता. त्याचं ६१ मिलिमीटरचं तोंड त्याहून कितीतरी जास्त हवा देतं. ‘मोठा टर्बो’ म्हटलं की सगळे पुढचं चकचकीत तोंड मोजतात, आणि कमी पडत असतं ते मागचं, गंजलेलं, न दिसणारं. त्याउलट ज्यांनी चारशेच हॉर्सपॉवर हवी असताना ७० मिलिमीटरचा कंप्रेसर लावला, त्यांचा टर्बो ३५०० ला पूर्ण पाय दिल्यावर कबुतरासारखा घुमतो. तो सर्ज. हवा पुढे जायला जागा नाही म्हणून उलटी वळते आणि थ्रस्ट बेअरिंगला धक्के बसतात.

म्हणून माझा क्रम आता असा: आधी टर्बाइनचं चाक आणि हाउसिंग, मग वेस्टगेट, कंप्रेसर सगळ्यात शेवटी. जीटी३५ च्या घराण्यात रोटरीला १.०६ चं हाउसिंग. नव्याने घेत असाल तर बोर्गवॉर्नरचा ईएफआर ८३७४ बघा. नावातच माप आहे, कंप्रेसरचं चाक ८३ मिलिमीटर, टर्बाइनचं ७४. त्याला ०.९२ किंवा १.०५ चं दुपदरी हाउसिंग मिळतं. टर्बाइन टायटॅनियम-अॅल्युमिनाइडची, हलकी, त्यामुळे मोठी असूनही आळशी नाही. दुपदरी हाउसिंग दोन रोटरच्या इंजिनाला छान जुळतं, प्रत्येक रोटरला त्याची स्वतंत्र वाट. पण मग मॅनिफोल्डही टर्बाइनच्या तोंडापर्यंत वेगळा राहायला हवा, वेस्टगेटची वाटसुद्धा. मी एका गाडीत पाहिलं, महागडं दुपदरी हाउसिंग आणि मॅनिफोल्डमधल्या पडद्याला वेस्टगेटसाठी सरळ भोक. दोन खोल्यांच्या भिंतीत दार पाडून वर कुलूप लावल्यासारखं.

जपानी जुन्या मासिकांतले राक्षस, ट्रस्टचा टी७८, एचकेएसचा टी५१आर, यांच्यावर माझंही प्रेम आहे. ड्रॅग पट्टीवर शोभतात. रोज मुलीला शाळेत सोडायच्या गाडीत नाही.

वेस्टगेट किती मोठं आणि कुठे

ही गोष्ट उलटी वाटते, पण टर्बाइन जितकी छोटी, वेस्टगेट तितकं मोठं लागतं. छोटी टर्बाइन थोड्या वायूतच हवा तेवढा बूस्ट बनवते. उरलेला सगळा वायू बाजूने काढावा लागतो. बूस्ट कमी ठेवायचा असेल तर आणखीच जास्त. माझ्याकडे तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या: चिंचोळं हाउसिंग, ०.७ ची माफक इच्छा आणि ३८ मिलिमीटरचं एकच गेट.

त्यात ते गेट बसवलं होतं मॅनिफोल्डच्या नळीला काटकोनात, आणि तेही प्रवाहाच्या मागच्या अंगाला. वायू ९० अंशात वळून आत जाईल, अशी अपेक्षा. एक्स्प्रेसवेवर ताशी शंभरने जाणारा माणूस काटकोनातल्या गल्लीत वळेल का? तो सरळच जाणार, म्हणजे टर्बाइनकडे. गेटचा फाटा प्रवाहाच्या दिशेने तिरका हवा, दोन्ही रोटरच्या नळ्या एकत्र येतात तिथून, जणू मुख्य रस्ता तोच आहे आणि टर्बाइन ही बाजूची गल्ली.

मी दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या नाहीत. दोष कोणाचा किती हे कळायला हवं होतं. आधी मॅनिफोल्ड कापून ५० मिलिमीटरचं गेट तिरक्या फाट्यावर बसवलं. ७२०० चा बूस्ट १.१२ वरून ०.८८ वर आला. एग्झॉस्टचा दाब मात्र १.७. चढ बराच कमी झाला, घसा आवळलेलाच. मग हाउसिंग १.०६ चं केलं. आता ४५०० ला ०.७२, ७२०० ला ०.७५. एग्झॉस्टमध्ये १.० बार. बूस्ट पूर्वी २९०० ला यायचा तो आता ३४०० ला येतो. पाचशे आरपीएम गेले. पहिल्या आठवड्यात त्याचं वाईट वाटलं.

गेटचा वायू मी उघड्यावर न सोडता पुढे एग्झॉस्टमध्येच परत जोडला, टर्बाइनपासून हातभर अंतरावर, तिरका. उघड्या पाइपची किंकाळी ऐकायला मजा येते, पण इथे एवढे बदल केलेल्या गाडीला लो व्हॉल्यूम व्हेइकलचं प्रमाणपत्र लागतं, आणि तपासायला येणारा माणूस बहिरा नसतो.

हे विसरू नका

पेट्रोल. कंपनीचे इंजेक्टर दोन ५५० चे आणि दोन ८५० चे, मिळून मिनिटाला २८०० सीसी. चारशे हॉर्सपॉवरला, मिश्रण (हवा : पेट्रोल) ११:१ ठेवायचं तर, त्यातलं जवळजवळ सगळंच लागतं. म्हणजे शिल्लक शून्य, आणि थंडीतला तो सहा टक्के जादा वायू आला की वजाबाकी. चढाने माझं इंजिन मारलं त्यात हाही एक हात होता. लॉगमध्ये शेवटच्या क्षणी मिश्रण १२.६ दिसतं. आता ८५० च्या जागी दोन १६८० चे आहेत.

टर्बो बदलल्यावर निळा धूर दिसला तर लगेच सील-सील करत बसू नका. टर्बोतून तेल परत जाणारी नळी जाड आणि सतत उताराची हवी. मध्ये पोट आलं की तेल तुंबतं आणि टर्बाइनकडे झिरपतं.

आणि टू-टी ऑइल. मी टाकी भरताना लिटरला सहा मिली मिसळतो, सीलांना वंगण म्हणून. बायको म्हणते, एवढे पैसे घालून शेवटी वास लुनाचाच येतो.

मागचा जुलै आणि हा जुलै, दोन्ही चौथ्या गिअरात गेले. गेल्या शनिवारी सकाळी सहा अंशांत लॉग घेतला: ०.७६. जुनं ०.८२ चं हाउसिंग अजून फळीवर आहे. परवा एकजण मागायला आला, त्याच्याकडेही एफडीच. त्याला दिलं नाही. दोन लिटरच्या पिस्टनवाल्या कोणी मागितलं तर देऊन टाकीन, त्याला ते बरोबर बसेल.